ही ‘टी’ नेमकी कोणाची? : क्लास फाइलमधील जेनेरिक टाइप आणि कोड कंप्लिशन

एडिटरमध्ये व्हेरिएबलच्या नावापुढे टिंब दिले की मेथडची यादी उघडते. ती बरोबर असावी एवढीच आपली अपेक्षा असते. ती कोठून येते याचा विचार सहसा कोणी करत नाही. गेली काही वर्षे मी विम एडिटरसाठी जावा भाषेसाठी कंप्लिशनचे, म्हणजे अशी यादी सुचवणारे, एक लहानसे साधन फावल्या वेळात लिहितो आणि सांभाळतो आहे. त्यात माझा सर्वाधिक वेळ एकाच गोष्टीने घेतला, ती म्हणजे कंपाइल झालेल्या क्लास फाइलमधून जेनेरिक टाइप (म्हणजे ‘कशाची लिस्ट’ हे कंसात सांगणारे टाइप) वाचणे आणि ते योग्य जागी बसवणे. या विषयावर मराठीत सलग लिहिलेले माझ्या वाचनात आले नाही, म्हणून जे हाती लागले ते येथे मांडतो.

प्रश्न कोठे उभा राहतो ते आधी पाहू. आपण जी फाइल संपादित करत असतो तिचा सोर्स समोर असतो, परंतु ज्या लायब्ररींवर ती उभी आहे त्या बहुधा जार फाइलच्या रूपात, म्हणजे कंपाइल होऊनच आलेल्या असतात. समजा, ‘गुण’ नावाच्या व्हेरिएबलचा टाइप मॅप<स्ट्रिंग, लिस्ट<इंटिजर>> असा आहे आणि कोणी ‘गुण’वर गेट मेथड बोलावून पुढे टिंब दिले. येथे लिस्टच्या मेथड दिसायला हव्यात. त्यातून पुन्हा गेट करून टिंब दिले तर इंटिजरच्या मेथड दिसायला हव्यात. माझ्या साधनाची पहिली आवृत्ती दोन्ही ठिकाणी ऑब्जेक्टच्या त्याच त्या मेथड दाखवत असे: इक्वल्स, हॅशकोड, टूस्ट्रिंग, वेट, नोटिफाय. ज्याला लिस्टमध्ये नवा आकडा घालायचा आहे, त्याला या यादीचा काडीचाही उपयोग नाही.

असे होण्याचे कारण जावाच्या इतिहासात आहे. गिलाड ब्राखा, मार्टिन ओडरस्की, डेव्हिड स्टाउटमायर आणि फिलिप वॅडलर यांनी १९९८ मध्ये जेनेरिक जावाचा आराखडा मांडला आणि त्यातूनच पुढे २००४ मध्ये जावा ५ सोबत जेनेरिक भाषेत आले. त्या आराखड्यामागची अट अशी होती की आधीच कंपाइल झालेला जुना कोड आणि नवा जेनेरिक कोड एकमेकांसोबत विनातक्रार चालावेत. त्यामुळे कंपाइलर जेनेरिक टाइप तपासतो आणि बाइटकोड, म्हणजे मशीनसाठीच्या सूचना, लिहिताना ते पुसून टाकतो. मॅपच्या घोषणेत किल्लीच्या टाइपला के आणि मूल्याच्या टाइपला व्ही अशी नावे आहेत; अशा नावांना टाइप पॅरामीटर म्हणतात. पुसताना त्या व्हीच्या जागी ऑब्जेक्ट येतो आणि जेथे गरज असेल तेथे कास्ट, म्हणजे टाइप बदलून घेण्याची सूचना, घातला जातो. ‘जावामध्ये जेनेरिक रनटाइमला उरत नाहीत’ हे वाक्य आपण मुलाखतींमध्ये ऐकतो आणि ऐकवतोही. कंप्लिशन लिहिणाऱ्याने मात्र या वाक्यावर विसंबून राहू नये, कारण पुसले जाते ते सूचनांमधून आणि डिस्क्रिप्टरमधून, म्हणजे मेथड काय घेते व काय परत करते याच्या नोंदीतून. घोषणेत जे लिहिलेले असते, ते क्लास फाइलमध्ये ‘सिग्नेचर’ नावाच्या वेगळ्या ॲट्रिब्यूटमध्ये जसेच्या तसे नोंदवून ठेवलेले असते.

जेडीके या जावाच्या विकाससंचासोबत येणारे जावापी हे साधन ‘व्हर्बोज’ हा पर्याय देऊन मॅप इंटरफेसवर चालवावे, म्हणजे गेट मेथडखाली या दोन्ही नोंदी शेजारी शेजारी दिसतात. डिस्क्रिप्टर सांगतो की ही मेथड एक ऑब्जेक्ट घेते आणि एक ऑब्जेक्ट परत करते. सिग्नेचर सांगते की ती एक ऑब्जेक्ट घेते आणि व्ही परत करते. जावाचे व्हर्च्युअल मशीन मेथड शोधताना पहिल्या ओळीकडे पाहते, आणि आपल्याला हवी असते ती दुसरी. क्लासचीही स्वतःची सिग्नेचर असते. हॅशमॅपची सिग्नेचर वाचली तर तिच्यात प्रथम के आणि व्ही हे दोन टाइप पॅरामीटर त्यांच्या मर्यादांसह (त्यांच्या जागी कोणते टाइप चालतील त्या अटींसह) येतात, मग सुपरक्लास ॲबस्ट्रॅक्टमॅप<के, व्ही> येतो, आणि त्यानंतर मॅप<के, व्ही> धरून इंटरफेस येतात. पुढे जे काही करायचे आहे त्याचे सगळे बळ या एका ओळीत आहे, कारण मुलाच्या टाइप पॅरामीटरचा आईबापांच्या टाइप पॅरामीटरशी असलेला संबंध इतर कोठेही नोंदवलेला नसतो.

ही माहिती रिफ्लेक्शनने, म्हणजे चालू प्रोग्रॅममधून क्लासची चौकशी करून, मिळत नाही का, असा प्रश्न कोणीही विचारेल. मिळते, आणि मी सुरुवात तेथूनच केली होती. परंतु रिफ्लेक्शनसाठी क्लास लोड करावा लागतो, आणि लोड करताना काळजी घेतली नाही तर त्याच्या स्टॅटिक ब्लॉकमधील, म्हणजे क्लास सुरू होताना आपोआप चालणारा, कोडही चालतो. वापरणाऱ्याने केवळ टिंब दिले आणि त्यामुळे कोणत्या तरी लायब्ररीने लॉग फाइल उघडली, हे मला कोणत्याही स्थितीत मान्य होण्यासारखे नव्हते. शिवाय एखादी अवलंबित जार सापडली नाही तर मेथडची यादी मागतानाच एरर येतो, आणि साधन ज्या जावावर चालते त्यापेक्षा नव्या जावासाठी कंपाइल केलेला क्लास तर लोडच होत नाही. म्हणून क्लास फाइल थेट बाइट बाइट वाचणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे. त्यासाठी एएसएम ही लायब्ररी वर्षानुवर्षे वापरली जाते, आणि मार्च २०२५ मध्ये आलेल्या जावा २४ पासून तर क्लास फाइल वाचण्याचे एपीआय जेडीकेमध्येच कायमस्वरूपी आले आहे.

सिग्नेचरचे व्याकरण लहान आहे, पण त्यात दोन-तीन जागा अशा आहेत की जेथे हाताने लिहिलेला पार्सर, म्हणजे ती ओळ वाचून उलगडणारा कोड, हमखास अडखळतो. मी पहिला पार्सर स्वतःच लिहिला होता, त्यामुळे त्या जागा मला तोंडपाठ आहेत. टाइप पॅरामीटरच्या नावानंतर एक अपूर्णविराम येतो आणि त्यापुढे क्लासची मर्यादा येते. त्यानंतरच्या प्रत्येक इंटरफेसच्या मर्यादेआधी आणखी एक अपूर्णविराम येतो. आता टी या पॅरामीटरला कंपॅरेबल या इंटरफेसची मर्यादा असेल आणि क्लासची मर्यादा लिहिलेलीच नसेल, तर पहिल्या अपूर्णविरामापुढची जागा रिकामी राहते आणि सिग्नेचरमध्ये दोन अपूर्णविराम लागोपाठ येतात. माझा पार्सर दुसरा अपूर्णविराम पाहून ‘येथे टाइप अपेक्षित होता’ असे म्हणून थांबत असे, आणि जी मेथड वाचता आली नाही ती यादीतून गळत असे. दुसरी जागा इनर क्लासची. मॅपमधला एंट्री हा स्टॅटिक असल्यामुळे त्याच्या नावात डॉलरचे चिन्ह येते, पण हॅशमॅपमधला कीसेट स्टॅटिक नाही. त्यामुळे त्याच्या सिग्नेचरमध्ये आधी हॅशमॅप<के, व्ही> असे पूर्ण येते, मग टिंब, आणि मग कीसेट. डॉलरवर तोडणाऱ्या कोडला हे कळत नाही. तिसरी जागा इनमच्या, म्हणजे ठरावीक मूल्यांच्या क्लासच्या, कन्स्ट्रक्टरची. कंपाइलरने आपणहून घातलेले पॅरामीटर डिस्क्रिप्टरमध्ये असतात, पण सिग्नेचरमध्ये नसतात, त्यामुळे दोघांची संख्या जुळतेच असे नाही. जावा मशीनच्या विनिर्देशातही ती जुळण्याची हमी नसल्याचे स्पष्ट म्हटले आहे.

वाचून झाले, की खरे काम सुरू होते. सिग्नेचरमध्ये टाइप व्हेरिएबल लिहिण्याची पद्धत अगदी साधी आहे: टी हे अक्षर, मग व्हेरिएबलचे नाव, मग अर्धविराम. ते व्हेरिएबल कोणत्या क्लासचे किंवा कोणत्या मेथडचे, हे तेथे लिहिलेले नसते. माझ्या मते या सगळ्या विषयातला कळीचा मुद्दा हाच आहे. गावोगावी पाटील असतात. ‘पाटलांना विचारा’ असे कोणी सांगितले तर कोणत्या गावी उभे राहून सांगितले, हे कळल्याशिवाय त्या सांगण्याला अर्थ नसतो. ई, टी, के आणि व्ही ही नावे तशीच आहेत. कलेक्शनला ई आहे, सेटला ई आहे, लिस्टला ई आहे आणि इटरेटरलाही ई आहे, आणि हे चारही ई वेगवेगळे आहेत.

हे मला एका प्रत्यक्ष चुकीतून नीट समजले, म्हणून ती चूक जवळून दाखवतो. माझ्या चाचणीच्या कोडमध्ये जोडी<अ, ब> नावाचा एक क्लास होता. त्याची ‘पहिला’ ही मेथड अ परत करत असे आणि ‘दुसरा’ ही मेथड ब परत करत असे. त्याच्यावरून मी उलटजोडी<अ, ब> असा क्लास केला आणि त्याचा सुपरक्लास जोडी<ब, अ> असा दिला. आता एखादे व्हेरिएबल उलटजोडी<स्ट्रिंग, इंटिजर> या टाइपचे असेल तर त्यावर ‘पहिला’ बोलावल्यावर इंटिजर मिळायला हवा, कारण जोडीचा अ म्हणजे उलटजोडीचा ब. माझे साधन स्ट्रिंग दाखवत होते. मी सर्व क्लाससाठी एकच कोश ठेवला होता, त्यात अ या नावापुढे स्ट्रिंग आधीच लिहिलेला होता आणि जोडीपर्यंत चढल्यावरही तोच सापडत होता.

मग मी दुरुस्ती केली ती अशी की एक पायरी चढताना सुपरक्लासमधील नावे क्रमाने बदलायची: आधी अच्या जागी ब घालायचा, मग बच्या जागी अ घालायचा. उत्तर पुन्हा स्ट्रिंगच आले, कारण पहिल्या बदलाने अचा ब झाला आणि दुसऱ्या बदलाने तोच ब पुन्हा अ झाला. यावरून दोन नियम पक्के केले, आणि तेव्हापासून ते बदललेले नाहीत. पहिला नियम असा की टाइप व्हेरिएबलची ओळख त्याच्या नावाने करायची नाही. तो कोणी घोषित केला आणि त्या घोषणेत कितव्या जागी आहे, या दोन गोष्टी मिळून त्याची ओळख ठरते. दुसरा असा की सर्व अदलाबदल एकाच वेळी आणि टाइपच्या वृक्षावर करायची, मजकुरावर नव्हे.

हे दोन नियम पाळले की साखळी आपोआप उलगडते. ‘गुण’वर एंट्रीसेट बोलावले, तर मॅपमधील सिग्नेचर सेट<मॅप.एंट्री<के, व्ही>> असे सांगते. मॅपच्या के आणि व्हीच्या जागी स्ट्रिंग आणि लिस्ट<इंटिजर> बसतात. त्यावर स्ट्रीम बोलावायचे, पण स्ट्रीम ही मेथड सेटमध्ये नाही. ती जावा ८ पासून कलेक्शनमध्ये आहे. म्हणून सेटच्या क्लास सिग्नेचरमधून एक पायरी वर जायचे, सेटच्या ईचे मूल्य कलेक्शनच्या ईला द्यायचे, आणि मग स्ट्रीमच्या परताव्यात ते घालायचे. यादीत शेवटी स्ट्रीम<मॅप.एंट्री<स्ट्रिंग, लिस्ट<इंटिजर>>> असे दिसते. पहिल्यांदा हे माझ्या पडद्यावर उमटले तेव्हा मी ते कितीतरी वेळ पाहत राहिलो होतो.

नावाचा मालक शोधताना क्रमही महत्त्वाचा आहे. मेथडलाही स्वतःचे टाइप पॅरामीटर असू शकतात आणि ते क्लासच्या त्याच नावाच्या पॅरामीटरला झाकतात. म्हणून आधी मेथडकडे पाहायचे, मग क्लासकडे, आणि क्लास इनर असेल तर त्याच्या बाहेरच्या क्लासकडे किंवा ज्या मेथडमध्ये तो घोषित झाला त्या मेथडकडे.

पुसण्याचा आणखी एक परिणाम यादीत थेट दिसतो, तो म्हणजे ब्रिज मेथड. स्ट्रिंग क्लास कंपॅरेबल<स्ट्रिंग> अमलात आणतो, पण कंपॅरेबल पुसला गेल्यावर त्याची कंपेअरटू मेथड ऑब्जेक्ट घेते. त्यामुळे कंपाइलर स्ट्रिंगमध्ये ऑब्जेक्ट घेणारी आणखी एक कंपेअरटू आपणहून घालतो, आणि ती गाळली नाही तर यादीत कंपेअरटू दोनदा दिसते. अशा मेथडवर ब्रिज आणि सिंथेटिक असे दोन ध्वज असतात, तेव्हा ध्वज दिसला की गाळावे, असे वाटणे साहजिक आहे. मीही तसे केले आणि स्ट्रिंगबिल्डरच्या यादीतून काही मेथड गायब झाल्या. कारण असे की जो सुपरक्लास पब्लिक नसतो, त्याच्याकडून आलेल्या पब्लिक मेथडसाठीही कंपाइलर ब्रिज घालतो, आणि स्ट्रिंगबिल्डरचा सुपरक्लास ॲबस्ट्रॅक्टस्ट्रिंगबिल्डर त्याच्या पॅकेजबाहेर दिसत नाही. मी ब्रिजही गाळत होतो आणि न दिसणाऱ्या क्लासच्या मेथडही गाळत होतो, त्यामुळे दोन्हीकडून त्या सुटल्या. आता एखादी ब्रिज मेथड मी तेव्हाच गाळतो, जेव्हा त्याच क्लासमध्ये त्याच नावाची आणि तिच्याशी जुळणारी खरी मेथड सापडते.

वाइल्डकार्डविषयी, म्हणजे टाइपच्या जागी लिहिलेल्या प्रश्नचिन्हाविषयी, भाषेचे नियम बरेच सखोल आहेत, पण कंप्लिशनला त्यांतील थोडेच लागतात. लिस्ट<? एक्स्टेंड्स नंबर> असेल तर गेटपुढे नंबरच्या मेथड दाखवाव्यात, लिस्ट<? सुपर इंटिजर> असेल तर गेटपुढे ऑब्जेक्टच्या, आणि ॲडच्या पॅरामीटरमध्ये इंटिजर दाखवावा. पहिल्या लिस्टच्या ॲडमध्ये काय दाखवावे, याविषयी मात्र माझे ठाम मत आहे. तेथे नंबर लिहू नये, कारण त्या लिस्टमध्ये नल वगळता काहीही घालू दिले जात नाही. नंबर दिसला की वापरणारा तो द्यायला जातो आणि कंपाइलर त्याला अडवतो. तेथे प्रश्नचिन्हासह पूर्ण वाइल्डकार्डच दाखवावे. ते वाचायला जड आहे, हे मान्य आहे. पण ते खरे आहे.

मर्यादा स्वतःकडेच बोट दाखवते तेव्हा अधिक जपावे लागते. इनम या क्लासची घोषणा इनम<ई एक्स्टेंड्स इनम<ई>> अशी आहे. इनम<?> टाइपच्या व्हेरिएबलपुढे टिंब दिल्यावर गेटडिक्लेअरिंगक्लास या मेथडचा परतावा क्लास<ई> असतो. ईच्या जागी प्रश्नचिन्हाची मर्यादा घालायची तर ती इनम<ई> निघते, तिच्यातल्या ईची मर्यादा पुन्हा इनम<ई> निघते, आणि स्टॅक संपेपर्यंत हे चालू राहते. मी मर्यादा आधीच उलगडून ठेवणे सोडून दिले. व्हेरिएबल व्हेरिएबलच राहते, आणि त्याच्या मेथडची यादी हवी असेल त्या क्षणी केवळ एक पायरी उलगडली जाते. त्याच्या आत पुन्हा तेच आले तर प्रश्नचिन्ह लिहिले जाते.

मर्यादांचा विषय निघालाच आहे तर कलेक्शन्स क्लासमधील मॅक्स या मेथडकडे अवश्य पाहावे. तिच्या टीची मर्यादा ‘ऑब्जेक्ट आणि कंपॅरेबल<? सुपर टी>’ अशी आहे. प्रत्येक क्लास ऑब्जेक्टचाच वारस असताना ऑब्जेक्ट वेगळा लिहायचे कारण काय, असे वाटते. पण पुसताना डावीकडची पहिली मर्यादा शिल्लक राहते. ऑब्जेक्ट लिहिला नसता तर मॅक्सचा पुसलेला परतावा कंपॅरेबल झाला असता आणि जावा ५ पूर्वी कंपाइल झालेल्या कोडला ती मेथड सापडली नसती. एका शब्दात केवढी काळजी घेतली आहे, हे पाहून मला या लायब्ररीच्या लेखकांविषयी मनापासून आदर वाटतो.

रॉ टाइप, म्हणजे लिस्ट असे नुसतेच लिहिलेला टाइप, हाताळताना भाषेच्या नियमाप्रमाणेच जावे. नियम असा आहे की रॉ टाइपच्या सर्व नॉन-स्टॅटिक मेथड पुसलेल्या धराव्यात, मग त्यांच्या सिग्नेचरचा त्या टाइप पॅरामीटरशी संबंध असो वा नसो. एखाद्या जेनेरिक क्लासची मेथड लिस्ट<स्ट्रिंग> परत करत असेल आणि तो क्लास कोणी रॉ वापरला, तर त्या मेथडमधूनही नुसती लिस्टच हाती येते. अनुभवी लोकही येथे चकतात, आणि साधनाने लिस्ट<स्ट्रिंग> दाखवून त्यांच्या गैरसमजात भर घालू नये.

काही जार फाइलमध्ये सिग्नेचर नसतेच. प्रोगार्डसारखे साधन वापरून कोड आकसताना ती राखण्याची सूचना स्पष्टपणे द्यावी लागते. दिली नाही तर ती निघून जाते आणि प्रोग्रॅम तरीही व्यवस्थित चालतो. ती असली तरी बरोबर असेलच असे नाही, कारण ओरॅकलचे जावा मशीन क्लास लोड करताना सिग्नेचरची रचना तपासत नाही. म्हणून प्रत्येक सिग्नेचर वाचण्याचा प्रयत्न वेगळा ठेवावा आणि तो फसला तर त्या एका मेथडपुरते डिस्क्रिप्टरवर यावे. एका बिघडलेल्या ओळीपायी संपूर्ण क्लासची यादी रिकामी होऊ देऊ नये.

डॉटनेटने २००५ मध्ये जेनेरिक आणताना वेगळा मार्ग घेतला. तेथे ते रनटाइमलाही ठाऊक असतात आणि जेनेरिक टाइपच्या नावापुढे उलटे अवतरणचिन्ह व पॅरामीटरची संख्या जोडलेली असते. जागच्या जागी मूल्ये बसवण्याचे काम मात्र तेथील कंप्लिशनलाही करावेच लागते.

२०१८ मध्ये जावा १० सोबत ‘व्हार’ आला आणि या सगळ्याची निकड वाढली. पूर्वी व्हेरिएबलचा टाइप डाव्या बाजूला पूर्ण लिहिलेला असे, त्यामुळे साखळीत कोठे चूक झाली तरी पुढच्या ओळीवर सगळे पुन्हा रुळावर येत असे. आता व्हार लिहिले की उजव्या बाजूची संपूर्ण साखळी उलगडल्याशिवाय टाइप कळत नाही, आणि पहिल्या ओळीतील चूक खालच्या दहा ओळींवर जाते.

सर्वांत अवघड राहिलेली जागा स्ट्रीमच्या मॅप मेथडची आहे. तिचा परतावा स्ट्रीम<आर> असतो आणि हा आर मेथडचा स्वतःचा असतो. त्याचे मूल्य लॅम्डाच्या, म्हणजे या मेथडला दिलेल्या बिननावाच्या फंक्शनच्या, मजकुरावरून ठरते, आणि तो मजकूर क्लास फाइलमध्ये नव्हे तर समोरच्या अर्धवट लिहिलेल्या सोर्समध्ये असतो. लॅम्डाच्या आतील बाजू त्यामानाने सोपी आहे. या मॅप मेथडचा पॅरामीटर फंक्शन<? सुपर टी, ? एक्स्टेंड्स आर> असा आहे आणि टी आपल्याला आधीच कळलेला आहे. त्यामुळे लॅम्डाच्या पॅरामीटरपुढे टिंब दिले की एंट्रीच्या गेटकी आणि गेटव्हॅल्यू या मेथड बरोबर दिसतात. लॅम्डा एका एक्स्प्रेशनचा असेल तर मी त्या एक्स्प्रेशनचा टाइप याच पद्धतीने काढतो आणि तो आरला देतो, म्हणून गेटव्हॅल्यू करणाऱ्या मॅपनंतर स्ट्रीम<लिस्ट<इंटिजर>> असे अचूक येते. लॅम्डामध्ये कंसांचा ब्लॉक असेल आणि त्यात दोन-तीन ठिकाणी रिटर्न असतील, तर माझे साधन आज तरी तो सोडवत नाही. तेथे ते स्ट्रीम<आर> असेच दाखवते आणि पुढच्या टिंबावर स्ट्रीमच्या मेथड देते. आर ठाऊक नसताना त्याच्या जागी ऑब्जेक्ट लिहिणे मी आता बंद केले आहे.